भुलीच्या अमलाखाली हृदय

शस्त्रक्रिया ठरली म्हणजे घरची वडीलधारी मंडळी शल्यवैद्याला फारसे काही विचारीत नाहीत. कापावयाचे कोठे आणि किती हा त्याचा प्रांत, असे मानून ती गप्प बसतात. भुलीचा डॉक्टर तपासावयास आला म्हणजे मात्र त्याला एक प्रश्न हटकून विचारला जातो : "आमच्या दादांना भूल सोसेल ना? त्यांचं हृदय जरा कमजोर आहे." या प्रश्नामागे एक समजूत आहे. भूल द्यावयाची ती मेंदूला, पण तिचा जाच होतो हृदयाला, ही ती समजूत. आणि ती सर्वस्वी खोटी नाही. भुलीचे औषध हृदयाच्या स्नायूत शिरले म्हणजे तेथील पेशींत नेमके काय घडते, त्या पेशींच्या पोटात सदोदित चाललेल्या निरोपांच्या देवघेवीत ते कोठे हात घालते, आणि त्या हात घालण्यातून कधी अपाय तर कधी रक्षण कसे होते, याचा विचार आम्ही येथे मांडणार आहोत.

प्रथम एक साधी गोष्ट. औषधावर पत्ता लिहिता येत नाही. हुंगविलेली वाफ फुप्फुसातून रक्तात उतरली, किंवा शिरेतून पांढरे दुधासारखे औषध दिले, की ते रक्त नेईल तिकडे जाते. मेंदूला भरपूर रक्त मिळते म्हणून मेंदू लवकर गुंगतो. पण हृदयही स्वतःच्या स्नायूंना रक्त पुरविण्यात कंजूषपणा करीत नाही. म्हणून मेंदू गुंगतो त्याच सुमारास हृदयाच्या पेशीलाही त्या औषधाची गाठ पडलेली असते.

ही पेशी आकसते ती कॅल्शियमच्या जोरावर. कॅल्शियम म्हणजे आपल्या पानाच्या चुन्यातले मूलद्रव्य. त्याचे महत्त्व कळले तेही मोठ्या गमतीने. १८८२-८३ च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर हा वैद्य बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून क्षारांच्या पाण्यावर चालते ठेवण्याचे प्रयोग करीत होता. एका द्रावणात ते हृदय बराच वेळ झकास उडत राहिले. मागाहून उलगडा झाला, की मदतनिसाने ते द्रावण शुद्ध केलेल्या पाण्याऐवजी सरळ नळाच्या पाण्यात कालविले होते! शुद्ध पाण्यात तेच क्षार घालून पाहिले तो हृदय मंदावत मंदावत थांबले. लंडनच्या नळाच्या पाण्यात चुना होता, आणि हृदयाला तोच हवा होता.

पेशीच्या आत, ती विसावलेली असताना, कॅल्शियम अगदी नाममात्र असते. बाहेरच्या रसात त्याचे प्रमाण सुमारे दहा हजार पट. नांदूर मध्यमेश्वरचा तुडुंब भरलेला बंधारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही स्थिती निराळी समजावून सांगावयास नको. अलीकडे पाण्याचा केवढा दाब, आणि दारे बंद आहेत म्हणून पलीकडचे पात्र शांत. हृदयपेशीच्या आवरणातही अशीच दारे आहेत. ठोक्याची विजेची लहर आली की ती निमिषभर उघडतात आणि थोडेसे कॅल्शियम आत येते. परंतु एवढ्या कॅल्शियमने स्नायू पुरता आकसत नाही. तो नुसता निरोप असतो. पेशीच्या पोटात कॅल्शियम साठविणाऱ्या पिशव्या असतात. त्यांना शेततळी म्हणा हवे तर. निरोप पोचताच या शेततळ्यांची दारे उघडतात, आतला साठा लोंढ्याने बाहेर पडतो, स्नायूचे तंतू एकमेकांत सरकतात आणि ठोका पडतो. लगेच पंप सुरू होतात. बाहेर पडलेले बहुतेक कॅल्शियम पुन्हा शेततळ्यात भरले जाते, उरलेले पेशीबाहेर टाकले जाते. हे सारे एका सेकंदाच्या आत उरकते, आणि दिवसाकाठी एक लाख वेळा.

ही दारे किती उघडावी हे पेशी आपल्या मनाने ठरवीत नाही. आपल्याकडे पाटाला पाणी सुटले तरी कोणाच्या चारीला किती द्यावयाचे हे पाटकऱ्याच्या हाती असते, तसाच येथेही एक अंमलदार आहे. त्याचे नाव ॲड्रेनलिन. माणूस भ्याला, त्याला वेदना झाल्या, त्याचा श्वास कोंडला, की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात येते, आणि मज्जातंतूंच्या टोकांतून त्याचा भाऊबंद पाझरतो. नवल हे, की ॲड्रेनलिन पेशीच्या आत पाऊलही टाकीत नाही. ते दारावरची कडी वाजवते. आतला एक रेणू दुसऱ्याला जागा करतो, तो तिसऱ्याला, आणि अखेर कॅल्शियमच्या दारांवर फॉस्फेटचा शिक्का बसतो. तो बसला की दारे अधिक उघडू लागतात, शेततळी अधिक भरतात, पंपही जलद चालतात. बाहेरचा निरोप आत पोचविणारा हा दुसरा निरोप्या शोधून काढल्याबद्दल अर्ल सदर्लंड या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपण ज्याला 'छातीत धडधडणे' म्हणतो ते हेच.

कॅल्शियमची दारे आणि ॲड्रेनलिनचा निरोप या दोन गोष्टी हाताशी असल्या, की वैद्यकातला एक जुना आणि कडू वाद समजू शकतो.

१८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिंप्सनने क्लोरोफॉर्मचा गुण जगापुढे मांडला, आणि पुरते तीन महिनेही झाले नाहीत तोच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडातील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्मखाली दगावली. शस्त्रक्रिया होती पायाच्या अंगठ्याचे नख काढण्याची. मुलगी आधीपासून घाबरलेली होती. वाफ हुंगल्यावर अवघ्या काही मिनिटांत सारा ग्रंथ आटोपला. तिच्या मृत्यूच्या कारणाविषयी जाणत्यांत आजही एकमत नाही. पण पुढे अशाच तऱ्हेचे मृत्यू गावोगाव होऊ लागले. धडधाकट माणूस, किरकोळ काम, औषध नुकतेच सुरू केलेले, आणि नाडी एकाएकी बंद. लंडनच्या जॉन स्नोचे मत पडले, की क्लोरोफॉर्म हृदयाला लुळे करते. एडिंबरोच्या साईमचे शिष्य म्हणत, श्वासावर नजर ठेवा म्हणजे झाले, नाडीकडे पाहण्याचे कारण नाही.

हा वाद मिटविण्याचा मोठा खटाटोप झाला तो आपल्या शेजारी. सायखेड्यावरून वाहणारी आपली गंगा नांदूर मध्यमेश्वर ओलांडून खाली गेली, की पूर्वी तिच्या डाव्या तीराला निजामाचा मुलूख लागे. पैठण, नांदेड ही तिच्या काठची मराठी गावे हैदराबाद संस्थानात मोडत. त्या संस्थानच्या राजधानीत एडवर्ड लॉरी हा साईमचा शिष्य वैद्यकशाळेचा प्रमुख होता. १८८८ साली त्याने कुत्र्यांवर प्रयोग करून निष्कर्ष काढला, की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नव्हे. लंडनच्या 'लॅन्सेट' पत्राला ते पटेना. तेव्हा निजाम मीर महबूब अलीखान यांनी एक हजार पौंड देऊ केले, आणि तुमचाच तज्ज्ञ पाठवा, असे कळविले. 'लॅन्सेट'ने लॉडर ब्रंटनला धाडले. हृच्छूळावर ॲमिल नायट्राइटचा गुण १८६७ साली दाखविणारा तोच हा. १८८९ च्या हिवाळ्यात दुसऱ्या हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशनने चारशेहून अधिक जनावरांवर प्रयोग केले. त्या कामात हैदराबादच्याच वैद्यकशाळेत शिकलेल्या रुपाबाई फर्दुनजी या पारशी विदुषींचाही हातभार होता. भूल देण्याच्या शास्त्रात नाव मिळविणाऱ्या जगातील अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. हिंदुस्थानातील एका संस्थानाने जगाच्या वैद्यकातला प्रश्न स्वखर्चाने सोडवावयास घ्यावा, ही आम्हांस आजही कौतुकाची गोष्ट वाटते.

कमिशनचा निकाल लॉरीच्या बाजूने लागला. श्वास सांभाळा, हृदय स्वतःला सांभाळील. आणि तरीही माणसे मरत राहिली. असे का व्हावे? प्रयोग खोटे नव्हते. जनावरांना क्लोरोफॉर्म भरपूर दिला की श्वास आधी थांबे, हे खरेच होते. पण शोध चालला होता 'औषध फार झाले तर' या दिशेने, आणि मरण लपले होते 'औषध थोडे असताना' या बाजूला. १९११ साली गुडमन लेव्ही या इंग्रज वैद्याने ते दाखवून दिले. मांजराला क्लोरोफॉर्मची हलकीशी भूल द्यावी आणि त्याच वेळी ॲड्रेनलिन टोचावे, की हृदय बंद पडत नाही, ते थरथरू लागते. हजारो पेशी आपापल्या तालावर उडतात, एकही ठोका सगळ्यांचा मिळून पडत नाही, आणि रक्त जागच्या जागी राहते. याला हृदयाचे तंतुकंपन म्हणतात. हेच तंतुकंपन माणसाच्या अकस्मात मृत्यूचे कारण असावे, असे ॲबर्डीनचा मॅकविल्यम नेमक्या १८८९ सालीच लिहीत होता. पण हैदराबादेत हृदयाचा विद्युत्‌आलेख काढण्याचे यंत्र नव्हते.

आता मघाची पेशी पुन्हा पाहा. घाबरलेल्या रोग्याच्या रक्तात ॲड्रेनलिन उसळलेले आहे. कॅल्शियमची दारे सताड, शेततळी काठोकाठ. एखादे शेततळे वेळ नसताना फुटते आणि अवेळी ठोका सुटतो. एरवी असा ठोका आपोआप विरून जातो. पण क्लोरोफॉर्मने विजेच्या लहरीची वाट मंद करून ठेवलेली असते. ती काही पेशींतून लवकर जाते, काहींतून रेंगाळत, आणि मागे वळून पुन्हा त्याच पेशींना गाठते. पूर आला असता सायखेड्याच्या पुलाखाली पाणी खांबाला अडून गरगरते, तसा हा विजेचा भोवरा. पुरते भुललेल्याला हा धोका कमी, कारण मेंदूकडून ॲड्रेनलिनचा हुकूमच सुटत नाही. अर्धवट भुललेल्या, वेदना अजून पोचत असलेल्या माणसाला तो जास्त. ज्या भीतीला आपण 'मनाचा खेळ' म्हणून हसण्यावारी नेतो, ती हृदयपेशीच्या दृष्टीने एक रासायनिक पदार्थ आहे. भूल देण्याआधी भुलीचा डॉक्टर रोग्याशी दोन शब्द बोलतो, धीर देतो, रात्री झोपेची गोळी देतो, त्याला आम्ही शिष्टाचार समजत नाही. तो औषधोपचारच आहे.

क्लोरोफॉर्म आता भुलीसाठी वापरीत नाहीत. १९५६ पासून हॅलोथेन आले. हुंगावयास सुखकर, पेटण्याचे भय नाही. पण हृदयाशी वागण्याचा त्याचा ढंग काहीसा त्याच जुन्या वळणाचा. ते पेशीच्या आवरणावरची कॅल्शियमची दारे थोडी ओढून घेते, हे एक. दुसरे म्हणजे शेततळ्यांना गळती लावते. साठाच कमी, मग लोंढा कोठला? म्हणून हॅलोथेनखाली ठोक्याचा जोर उतरतो. भर म्हणून ॲड्रेनलिनशी त्याचे वाकडेच. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून शल्यवैद्य जखमेच्या जागी दोन लाखांत एक भाग इतके सौम्य ॲड्रेनलिन टोचतात. हॅलोथेन चालू असताना तेवढ्यालाही हात राखून ठेवावा लागे. त्यानंतरची आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेन ही औषधे आवरणावरची दारे ओढतात, पण शेततळ्यांना तितकीशी धक्का लावीत नाहीत, आणि ॲड्रेनलिनशीही त्यांचे पुष्कळ जमते. पुष्कळ ठिकाणी हॅलोथेनची जागा त्यांनी घेतली, त्याच्या कारणांत हे एक मोठे कारण आहे. त्यांच्यामुळे रक्तदाब उतरतो तो मुख्यतः रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे. शिरेतून देण्याच्या त्या दुधाळ प्रोपोफॉलचेही बव्हंशी तसेच.

केटामीनची गोष्ट मात्र मुद्दाम सांगण्याजोगी. साधनसामग्री बेताची असलेल्या इस्पितळांतून आणि शिबिरांतून या औषधाने फार लोकांचे काम केले आहे, कारण ते दिले असता नाडी व रक्तदाब उतरण्याऐवजी चढतो. यावरून कोणी म्हणेल, हे हृदयाला बळ देणारे औषध. वस्तुतः पेशीवर त्याचा थेट परिणाम जोर कमी करण्याचाच आहे. मग दाब चढतो कसा? ते मेंदूमार्फत ॲड्रेनलिनचा आणि त्याच्या भाऊबंदांचा निरोप सोडावयास लावते, आणि तो निरोप थेट परिणामावर मात करतो. पण दिवसचे दिवस आजाराशी झगडून ज्याचा हा साठाच आटला आहे, अशा रोग्याला केटामीन दिले तर वरचा निरोप येत नाही, खालचा तेवढा उरतो, आणि दाब कोसळू शकतो. तेच औषध, तीच मात्रा. रोग्याच्या पेशींना त्या आठवड्यात काय काय ऐकावे लागले आहे त्यावर फळ अवलंबून.

पाठीच्या कण्यात सुई देऊन केलेल्या भुलीने हृदयाला काहीच होत नाही, असेही पुष्कळांना वाटते. कमरेखालच्या मज्जातंतूंबरोबर रक्तवाहिन्या आवळून धरणारे तंतूही बधिर होतात, म्हणून दाब उतरतो. त्याची तयारी डॉक्टरांनी ठेवलेली असते. तेथे औषध असते दोन-तीन मिलिलिटर. तेच ब्युपिव्हाकेन मोठ्या मात्रेत चुकून रक्तात गेले तर हृदयपेशीची सोडियमची दारे अडकवून बसते आणि लवकर सोडीत नाही. यावर उतारा सापडला तो चरबीच्या दुधाळ द्रावणाचा. १९९८ साली उंदरांवर त्याचा गुण दिसला, २००६ साली माणसावर त्याचा यशस्वी उपयोग झाल्याचे प्रसिद्ध झाले.

येथवर अपायाची बाजू झाली. आता उलट बाजू, आणि ती अधिक चमत्कारिक आहे. १९८६ साली अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी पाच मिनिटे बंद केली, पाच मिनिटे सोडली. असे चार वेळा. मग तीच वाहिनी सलग चाळीस मिनिटे बंद ठेवली. अशा छळातून गेलेल्या हृदयाचे नुकसान जास्त व्हावयाचे, ही सर्वांची अपेक्षा. झाले ते इतर कुत्र्यांच्या मानाने जेमतेम एक चतुर्थांश! लहान संकटाने पेशीला मोठ्या संकटाची तालीम दिली होती. पुढे १९९७ च्या सुमारास दिसून आले, की अशी तालीम रक्त न तोडताही देता येते, आणि ती आयसोफ्लुरेन देते.

ती कशी, हे बरेचसे कळले आहे. औषध पेशीत शिरले की पेशीच्या भट्ट्यांतून, म्हणजे मायटोकाँड्रियातून, दाहक प्राणवायूच्या काही ठिणग्या उडतात. थोड्याच, नुसत्या इशाऱ्यापुरत्या. त्या इशाऱ्याने प्रथिनांना फॉस्फेटचे शिक्के मारणारी काही विकरे जागी होतात. ती पोटॅशियमच्या एका खास दाराला तयार ठेवतात. हे दार एरवी मिटलेले असते आणि पेशीचे इंधन संपत आले की उघडते. ते उघडले की विजेची लहर आखूड होते, कॅल्शियमचा लोंढा आवरतो आणि उरलेले इंधन पुरते. अखेर रक्त परत आल्यावर भट्टीच्या भिंतीला जे मोठे भगदाड पडून पेशी मरावयाची, तेही पडण्याचे बरेचसे टळते. म्हणजे कॅल्शियमची दारे ओढून घेण्याचा जो गुण निरोगी माणसात उणेपणा ठरला होता, तोच रक्त तुटलेल्या हृदयात कामी येतो.

प्रयोगशाळेत हे इतके छान जमले म्हणून हृदयावरच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत वाफेचीच भूल द्यावी, असे पुष्कळांना वाटू लागले. तेव्हा १३ देशांतील ३६ रुग्णालयांनी मिळून, हृदयाच्या रक्तवाहिन्यांना पर्यायी वाट करून देण्याच्या शस्त्रक्रियेचे ५४०० रोगी घेतले. निम्म्यांना वाफेची भूल, निम्म्यांना केवळ शिरेतली. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाला. वर्षभरात दगावलेल्यांचे प्रमाण एका बाजूस शेकडा २.८, दुसऱ्या बाजूस ३.०. म्हणजे फरक नाही म्हटले तरी चालेल. यावरून पेशीतले ते निरोप खोटे ठरत नाहीत. कुत्रे तरुण व निरोगी होते. माणसे वयस्क, मधुमेही, अनेक गोळ्या घेणारी होती, आणि त्यांच्या हृदयांना छातीतल्या कळांनी आधीच थोडीफार तालीम दिलेली असते. प्रयोगशाळेतले रक्षण रोग्यापर्यंत पोचेतो वाटेत पुष्कळ गळून जाते, असे आमचे मत आहे.

वाटेत गळणाऱ्यांपैकी एक गोष्ट आपल्या घराघरांतली आहे. मधुमेहावरची ग्लिबेनक्लामाइड ही जुनी, स्वस्त गोळी स्वादुपिंडातील पोटॅशियमचे दार बंद करून इन्सुलिन सोडावयास लावते. हृदयपेशीचे ते रक्षणाचे दार त्याच घराण्यातले आहे, आणि प्रयोगांत ही गोळी त्यालाही मिटविते; मग आयसोफ्लुरेनची तालीम फुकट जाते. म्हणून कोणी परस्पर गोळी बंद करू नये, साखर भडकली तर त्याचा धोका याहून मोठा. पण 'शुगरची एक गोळी चालू आहे' एवढे सांगून भागत नाही, पाकीटच दाखवावे. तंबाखू आणि मिश्रीही लपवू नये. त्यांतले निकोटिन ॲड्रेनलिन सोडावयास लावते, आणि अर्धवट भुलीत ॲड्रेनलिन काय करते ते वर आले आहे. पथ्याच्या हौसेने शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापासून सगळ्याच गोळ्या सोडून देणारी मंडळीही असतात. रक्तदाबावरच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'लोल' येते, त्या ॲड्रेनलिनची कडी दाबून धरणाऱ्या आहेत. महिनोन्‌महिने कडी दाबलेली राहिली म्हणून पेशीने दारावर आणखी कड्या बसवून घेतलेल्या असतात. गोळी एकाएकी थांबली की त्या साऱ्या एकदम वाजू लागतात, आणि तेही नेमके भुलीच्या दिवशी. म्हणून उपाशी पोटी राहावयाचे असले तरी ही एक गोळी डॉक्टर बहुधा पहाटे घोटभर पाण्याबरोबर घ्यावयास सांगतात.